सोडणं आणि सुटणं : गर्दच्या गोष्टी आपण कशा सांगतो

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



आज इथे बोलणारा आवाज एक असला, तरी मांडणी आमच्या गटाची आहे. आम्ही सात-आठ जण दर महिन्याला एकत्र बसतो, एखादं पुस्तक वाचतो किंवा सिनेमा बघतो आणि त्यावर मनसोक्त वाद घालतो. आमच्यातले दोघं व्यसनमुक्तीच्या कामात आहेत. गेलं वर्षभर आम्ही एकच विषय धरला होता. अफूच्या कुळातले पदार्थ, म्हणजे अफू, मॉर्फिन, हेरॉईन आणि आपल्याकडे ज्याला गर्द किंवा ब्राउन शुगर म्हणतात ते अशुद्ध हेरॉईन, यांच्या व्यसनातून माणूस बाहेर पडतो तेव्हाची गोष्ट लेखक आणि दिग्दर्शक कशी सांगतात, हा तो विषय.

हा विषय नुसता समीक्षेचा असता तर आम्ही त्याला वर्ष दिलं नसतं. पण आमच्या त्या दोन मित्रांनी पहिल्याच बैठकीत एक गोष्ट सांगितली. मदत मागायला येणाऱ्या कितीतरी घरांनी आधी एक प्रयोग केलेला असतो. मुलाला खोलीत घालायचं, बाहेरून कडी लावायची आणि तीन-चार दिवस त्याच्या ओरडण्याकडे लक्ष द्यायचं नाही. हे कुठल्या डॉक्टरनं सांगितलेलं नसतं. मग हे येतं कुठून? आमचं म्हणणं असं की बऱ्याच अंशी ते गोष्टींतून येतं. आपण पडद्यावर बघितलेलं असतं, पुस्तकात वाचलेलं असतं, कुणाकडून ऐकलेलं असतं. म्हणून त्या गोष्टी तपासायला हव्यात.

सुरुवात आपल्या भाषेपासून करू. मराठीत व्यसन ‘लागतं’. जसं वेड लागतं, नजर लागते, तहान लागते. लागण्यात माणसाचा फारसा हात नसतो, असं भाषाच धरून चालते. बाहेर पडण्यासाठी मात्र आपल्याकडे दोन क्रियापदं आहेत. ‘त्यानं सोडलं’ आणि ‘त्याचं सुटलं’. सोडणारा कर्ता असतो. निश्चय त्याचा, श्रेय त्याचं, आणि जमलं नाही तर दोषही त्याचाच. सुटण्याचं तसं नाही. गाठ सुटते तेव्हा कुणीतरी ती बोटांनी हळूहळू सैल केलेली असते, कधी दोघा-तिघांनी मिळून, कधी मध्येच पुन्हा आवळली जाऊन. सिनेमाला ‘सोडलं’ आवडतं, कारण त्यात नायक असतो. पण आमच्या मित्रांचा अनुभव, आणि वैद्यकशास्त्रही, ‘सुटलं’च्या बाजूनं बोलतं. आज जे काही सांगणार आहोत ते या दोन क्रियापदांमधल्या अंतराबद्दल आहे.

टर्की म्हणजे नेमकं काय

गर्द थांबल्यावर जो त्रास होतो त्याला गल्लीतली मुलं ‘टर्की’ म्हणतात. इंग्रजीतल्या ‘कोल्ड टर्की’मधली टर्की तेवढी आपल्याकडे उरली. गोष्टी तपासायच्या आधी ही टर्की काय असते ते माहीत हवं.

हेरॉईनच्या शेवटच्या डोसनंतर साधारण आठ ते बारा तासांत ती सुरू होते. आधी जांभया, मग नाका-डोळ्यांतून पाणी, घाम, अंगावर काटा. नंतर हाडं ठणकायला लागतात, पाय स्वस्थ राहत नाहीत, पोटात मुरडा येतो, उलट्या, जुलाब. झोप पार उडते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर सगळ्यात जास्त असतो आणि आठवडा-दहा दिवसांत शरीराचा त्रास ओसरतो. हे असं का? अफू वेदना दडपते, आतड्यांची हालचाल मंदावते, श्वास मंदावते. रोज रोज हे झालं की शरीर उलट्या दिशेनं जोर लावून तोल सांभाळतं. मग अफू अचानक काढून घेतली की तो उलटा जोर तेवढा शिल्लक राहतो. बद्धकोष्ठाच्या जागी जुलाब, गुंगीच्या जागी जागरण, सुन्नपणाच्या जागी ठणका.

धडधाकट माणूस सहसा टर्कीनं मरत नाही. पण उलट्या-जुलाबांनी शरीरातलं पाणी गेलं आणि कुणी बघितलंच नाही, तर मरू शकतो. कोठडीत असे मृत्यू झालेले आहेत. गरोदर बाईनं अचानक बंद करणं तर पोटातल्या बाळाच्या जिवावर बेतू शकतं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. टर्की संपते तेव्हा शरीराची सवयही उतरलेली असते. महिन्यापूर्वी जेवढा डोस सहज पचत होता, तेवढाच आता श्वास बंद पाडू शकतो. तुरुंगातून सुटल्यावरचे, केंद्रातून घरी आल्यावरचे पहिले काही आठवडे म्हणूनच अतिशय धोक्याचे असतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण नेमक्या याच ठिकाणी बहुतेक गोष्टी ‘समाप्त’ची पाटी लावतात.

खोलीचा जन्म

बंद खोलीचं सगळ्यात गाजलेलं चित्र १९५५ सालचं आहे. ऑटो प्रेमिंजरचा ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’. फ्रँक सिनात्रा त्यात फ्रँकी नावाचा पत्ते वाटणारा झाला आहे. हॉलिवूडच्या तेव्हाच्या आचारसंहितेत अमली पदार्थांचा विषय बसत नव्हता, म्हणून हा सिनेमा तिच्या मंजुरीच्या शिक्क्याशिवाय प्रदर्शित करावा लागला. धाडसाचं काम होतं, यात शंका नाही. शेवटाकडे मॉली, म्हणजे किम नोव्हाक, फ्रँकीला आपल्या खोलीत कोंडते. तो दारावर धडका मारतो, गयावया करतो, थंडीनं कुडकुडतो. मग सकाळ होते आणि तो मोकळा होतो. सिनात्राचा अभिनय जबरदस्त आहे. आमच्यातल्या एकीला तो प्रसंग दुसऱ्यांदा बघवला नाही.

पण गंमत बघा. याच सिनेमाची सुरुवात कुठे होते? फ्रँकी सरकारी इस्पितळातून बरा होऊन आपल्या वस्तीत परत येतो तिथे. म्हणजे टर्की त्यानं एकदा पार केलेलीच आहे, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. तरी जुनी गल्ली, जुना विकणारा, जुनं घर, आणि थोड्याच दिवसांत पुन्हा सुई. सिनेमाचा पहिला अर्धा तास जे सांगतो, तेच त्याचा शेवट विसरतो. इस्पितळातून आल्यावर जे टिकलं नाही, ते मॉलीच्या खोलीतून आल्यावर का टिकेल? सिनेमाकडे एकच उत्तर आहे, प्रेम. प्रेक्षक टाळ्या वाजवतो आणि घरी जातो.

ज्या कादंबरीवर हा सिनेमा बेतला, ती नेल्सन ऑल्ग्रेननं १९४९ मध्ये लिहिली. तिच्यात फ्रँकी शेवटी गळफास घेतो. आम्ही असं म्हणत नाही की दुःखान्त खरा आणि सुखान्त खोटा. माणसं बरी होतात, पुष्कळ होतात. पण ऑल्ग्रेनला ठाऊक होतं की फ्रँकीची अडचण फक्त त्याच्या रक्तात नाही. ती त्याच्या वस्तीत, त्याच्या लग्नात, त्याच्या रिकाम्या दिवसांत आहे. सिनेमानं ती सगळी अडचण उचलली आणि एका रात्रीत घातली. कडी लावण्याचा धडा तिथून पुढे निघाला.

रांगणारं बाळ आणि संडास

दुसरं उदाहरण तुमच्यापैकी अनेकांनी बघितलं असेल. डॅनी बॉईलचा ‘ट्रेनस्पॉटिंग’, १९९६. एडिंबरोतली पोरं, हेरॉईन आणि रेन्टन नावाचा बोलघेवडा नायक. यात खोली दोनदा येते. पहिल्यांदा रेन्टन स्वतःच स्वतःला कोंडून घ्यायची तयारी करतो. सूपचे डबे, आइस्क्रीम, औषधं, तीन वेगवेगळ्या कामांसाठी तीन बादल्या, दाराला ठोकलेल्या फळ्या. दुसऱ्यांदा, डोस जास्त झाल्यामुळे मरता मरता वाचल्यावर, आईवडील त्याला त्याच्या लहानपणीच्या खोलीत घालून बाहेरून बंद करतात. तेव्हा त्याला छतावरून रांगत येणारं मेलेलं बाळ दिसतं.

ते बाळ जगभर गाजलं. टर्की म्हटलं की लोकांना तेच आठवतं. पण डॉक्टरला विचारा. अफूच्या टर्कीत असे भास सहसा होत नाहीत. ते होतात दारू अचानक बंद केल्यावर, किंवा झोपेच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेऊन एकदम थांबवल्यावर, आणि तिथे झटके येऊन माणूस दगावतोही. दिग्दर्शकानं दारूचं भूत हेरॉईनच्या अंगावर चढवलं. त्याचा एक वाईट परिणाम झाला. हेरॉईनची टर्की म्हणजे नरक, तिला हात लावायलाच नको, अशी धास्ती पोरांच्या मनात बसली. टर्कीच्या भीतीनं आणखी दोन वर्षं ओढत राहिलेले लोक आमच्या मित्रांना नेहमी भेटतात. खरं तर हा त्रास औषधांनी पुष्कळ कमी करता येतो.

याच सिनेमातला दुसरा प्रसंग मात्र वैद्यकीयदृष्ट्या तंतोतंत आहे, आणि त्याला लोक निव्वळ किळसवाणा विनोद समजतात. हेरॉईन थांबल्यावर रेन्टनचं अनेक दिवसांचं बद्धकोष्ठ अचानक सुटतं आणि त्याला भयंकर घाणेरड्या संडासाकडे धावावं लागतं. टर्की मुख्यतः अशीच असते. घाणेरडी, लाजिरवाणी, शरीराची. तिच्यात भव्य काही नाही. ‘ट्रेनस्पॉटिंग’ची दुसरी प्रामाणिक गोष्ट म्हणजे रेन्टनची टर्की संपल्यावर सिनेमा संपत नाही. तो लंडनला जातो, नोकरी करतो, आणि जुने मित्र येऊन थडकल्यावर ‘माल’ तपासायच्या निमित्तानं पुन्हा एकदा सुई टोचतोच.

सोडल्याची पहिली जाहिरात

या गोष्टीचं मूळ शोधत आम्ही मागे गेलो तेव्हा थॉमस डी क्विन्सी या इंग्रज लेखकापाशी पोचलो. त्याचं अफूबद्दलचं आत्मकथन १८२१ मध्ये एका लंडनच्या मासिकात, नाव न देता, दोन भागांत छापून आलं. १८०४ मध्ये दुखण्यावर उपाय म्हणून त्यानं पहिल्यांदा अफूचा अर्क घेतला होता. तेव्हा इंग्लंडात तो औषधाच्या दुकानात सहज मिळे. आपल्याकडेही आया रडक्या पोरांना अफूची गोळी चाटवून झोपवायच्या, त्याच काळातली ही गोष्ट आहे.

डी क्विन्सीच्या लेखनाचा शेवट वाचून वाचकांचा समज झाला की या माणसानं अफू जवळजवळ सोडली. प्रत्यक्षात तो १८५९ मध्ये मरेपर्यंत कमी-जास्त प्रमाणात ती घेत राहिला. पुढच्याच वर्षी पुस्तक निघालं तेव्हा त्याला पुरवणी जोडून खुलासा करावा लागला, आणि १८५६ मध्ये त्यानं सगळं पुस्तक पुन्हा लिहिलं, कितीतरी वाढवून. समीक्षक सांगतात की या आवृत्तीत पाल्हाळ फार आहे. आहेच. पण आम्हाला त्यात वेगळं काही दिसलं. ज्याचं व्यसन एका शेवटात मावत नाही, त्याचं पुस्तकही एका शेवटात मावलं नाही. त्याला खोटारडा म्हणायची घाई करू नये. वाचकाला ‘सोडलं’ हवं होतं, आणि लेखकानं ते देऊन टाकलं. पुढची दोनशे वर्षं ही मागणी आणि हा पुरवठा तसाच चालू आहे.

पंजाब : पडद्यावरचा आणि खिडकीवरचा

आता आपल्या देशात येऊ. अभिषेक चौबेचा ‘उडता पंजाब’ २०१६ मध्ये आला. सेन्सॉर बोर्डाशी झालेलं भांडण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयानं एका कटासह तो मोकळा केला. बातम्या त्या वादाच्याच झाल्या. सिनेमा उपचाराबद्दल काय म्हणतो, यावर फार थोडी चर्चा झाली.

या सिनेमाचं एक मोठं श्रेय आहे. बंद खोली इथे उलटी होते. बिहारहून आलेल्या शेतमजूर मुलीला, म्हणजे आलिया भट्टला, गुंड कोंडून ठेवतात आणि जबरदस्तीनं सुया टोचतात. इथे कोंडल्यामुळे व्यसन सुटत नाही, लागतं. आमच्या मते गेल्या काही वर्षांतल्या हिंदी सिनेमातली ही एक महत्त्वाची दुरुस्ती आहे.

पण त्याच सिनेमात डॉक्टर प्रीत सहानीचं व्यसनमुक्ती केंद्र आहे. करीना कपूरनं ही भूमिका शांतपणे, आरडाओरडा न करता केली आहे. तिच्याकडे दाखल केलेला बल्ली, पोलीसवाल्याचा कोवळा भाऊ, पळून जायच्या धडपडीत काचेच्या तुकड्यानं तिलाच मारतो. पटकथेच्या दृष्टीनं धक्का उत्तम बसतो. पण प्रेक्षक काय घेऊन बाहेर पडतो? उपचार करणारी मरते, उपचार घेणारा खुनी ठरतो, केंद्र म्हणजे गुन्ह्याची जागा. टर्कीतला मुलगा बहुतेक वेळा कुणाला मारण्याच्या अवस्थेत नसतो. तो गोधडी ओढून कुडकुडत पडलेला असतो.

आणि खऱ्या पंजाबात पुढे काय झालं? ऑक्टोबर २०१७ पासून राज्य सरकारनं बाह्यरुग्ण दवाखाने सुरू केले. माणूस सकाळी येतो, खिडकीपाशी रांग लावतो, ब्युप्रेनॉर्फिन आणि नॅलॉक्सोन यांची एकत्रित गोळी कर्मचाऱ्यासमोर जिभेखाली विरघळवतो आणि शेतावर किंवा कामावर जातो. उद्या पुन्हा येतो. यात कडी नाही, किंकाळी नाही. म्हणूनच याच्यावर कुणी सिनेमा काढत नाही. सिनेमाची ही मर्यादा समजून घ्यायला हवी. बरं होण्याची क्रिया कंटाळवाणी असते आणि कॅमेऱ्याला कंटाळ्याचं वावडं असतं.

आपलं ‘गर्द’

मराठीत या विषयावरचं सगळ्यात महत्त्वाचं पुस्तक अनिल अवचटांचं ‘गर्द’. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्दचा प्रसार झाला, तेव्हा त्यांनी त्याबद्दल लिहायला घेतलं. अवचटांची पद्धत आपल्याला माहीत आहे. जायचं, बसायचं, विचारायचं, ऐकायचं, आणि मोठे शब्द न वापरता लिहायचं. या लेखनात व्यसनी मुलगा राक्षस होत नाही आणि संतही होत नाही.

पण आम्हाला त्यातली समीक्षेच्या दृष्टीनं सगळ्यात मोलाची गोष्ट पुस्तकाच्या बाहेर सापडते. हे लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि मदतीला पुढे आले. डॉ. अनिता अवचट, ज्यांना आपण अवचटांच्या लेखनातून सुनंदा म्हणून ओळखतो, येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करत होत्या. १९८६ मध्ये त्याच आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झालं. म्हणजे लेखाचा शेवट लेखात झालाच नाही. तो एका संस्थेत गेला, आणि तिथून ‘मुक्तांगणची गोष्ट’ या पुढच्या पुस्तकात आला. तिथे एकट्या नायकाऐवजी माणसांची गर्दी आहे. बायकांसाठी ‘सहचरी’ हा गट आहे. बरे झालेले रुग्णच कार्यकर्ते होतात. पुन्हा घसरलेला माणूस परत येतो आणि त्याला परत घेतलं जातं. ‘सुटणं’ या क्रियापदाचं इतकं तपशीलवार गद्य मराठीत दुसरीकडे क्वचितच असेल.

मग आमची तक्रार काय? तक्रार पुस्तकाबद्दल कमी आणि आपल्या वाचण्याबद्दल जास्त आहे. आपण हे सगळं ‘चमत्कार’ म्हणून वाचलं. थोर माणसं, त्यांचं प्रेम, मुलाच्या डोळ्यांत पाणी, आणि झालं. त्यामुळे पुढच्या चाळीस वर्षांत शास्त्रात जे घडलं त्याची चर्चा सर्वसाधारण मराठी वाचकांपर्यंत फारशी आलीच नाही. मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही औषधं जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २००५ पासून आहेत. आपल्याकडे राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातून सुई टोचणाऱ्यांना ती मोफत दिली जातात. तरीही चांगल्या शिकलेल्या घरांतही वाक्य तेच ऐकू येतं, ‘म्हणजे एक व्यसन काढून दुसरं लावायचं!’

हे वाक्य नीट तपासू. व्यसन म्हणजे नुसतं रोज काही घेणं नव्हे. रक्तदाबाची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्या काकांना आपण व्यसनी म्हणत नाही. चोरी, खोटं बोलणं, दिवसभर त्याच एका गोष्टीमागे धावणं, जीव धोक्यात घालणं, म्हणजे व्यसन. ब्युप्रेनॉर्फिन मेंदूत हेरॉईनच्याच जागी जाऊन बसतं, पण अर्धवट काम करतं. टर्की येत नाही, तलफ शमते, पण ती झिंगही येत नाही. जे लोक हे उपचार टिकून घेतात त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण खूप कमी असतं, हे वेगवेगळ्या देशांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. काहींना ते काही महिने लागतं, काहींना अनेक वर्षं. गोळी न घेता, समूहाच्या आधारानं सुटलेलेही खूप आहेत. दोन्ही वाटा खऱ्या आहेत. पण ‘स्वतःच्या बळावर सोडलं तरच खरं’ ही कसोटी सिनेमाची आहे, दवाखान्याची नाही.

मदत कुठे दिसते?

एम्सच्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्रानं केंद्र सरकारसाठी केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. देशात अफूवर्गीय पदार्थ घेणारे सुमारे २ कोटी २६ लाख लोक आहेत, असा त्यातला अंदाज आहे. ज्या राज्यांत मदतीची गरज असलेले लोक सर्वाधिक, त्यांत महाराष्ट्राचं नाव आहे. आणि अमली पदार्थांवर अवलंबून असलेल्या साधारण वीस जणांमागे एकालाच कसली ना कसली उपचाराची मदत मिळालेली होती. बाकीचे एकोणीस जण कुठे आहेत? काही कोठडीत, काही रस्त्यावर, आणि बरेचसे बंद खोलीत.

या बंद खोलीचा आता धंदाही झाला आहे. परवाना नसलेली ‘केंद्रं’ घरच्यांकडून पैसे घेतात आणि आत मारहाण करतात, साखळीनं बांधतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात व्यसनामुळे झालेल्या मानसिक अवस्थांचाही समावेश आहे, आणि रुग्णाला साखळीनं बांधायला त्या कायद्यानं साफ मनाई आहे. दुसरी भीती पोलिसांची असते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातच कलम ६४ अ आहे. स्वतःपुरतं सेवन किंवा अल्प प्रमाण एवढाच गुन्हा असेल आणि माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार पुरे करत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. ही कलमं कुठल्याही संवादात आलेली आम्ही ऐकली नाहीत. ‘उडता पंजाब’मध्ये एखाद्या पात्रानं एकदा जरी हे वाक्य म्हटलं असतं, तरी सिनेमा कंटाळवाणा झाला नसता.

कलाकृतीनं माहितीपत्रक व्हावं, अशी आमची मागणी नाही. आमची मागणी शेवटाबद्दल आहे. दार उघडून माणूस उन्हात येतो तिथे गोष्ट संपवू नका. त्या माणसाच्या पुढच्या तीस दिवसांत बघा. त्याला झोप लागत नाही, काम नाही, बायको खिसे तपासते, जुना मित्र कोपऱ्यावर उभा आहे. तिथे खरं नाट्य आहे, आणि जीव जाण्याची किंवा वाचण्याची शक्यता तिथेच जास्त आहे.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : समजा, घरातला मुलगा आज रात्री म्हणाला की मला यातून बाहेर पडायचंय. सकाळपर्यंत काय करायचं?*

पहिलं म्हणजे कडी लावायची नाही आणि भाषण द्यायचं नाही. काय घेतो, किती, कशातून, शेवटचं कधी, आणि सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतो का, एवढं शांतपणे विचारून लिहून ठेवा. दारू आणि झोपेच्या गोळ्या सोबत असतील तर घरी काहीही अचानक बंद करू नका. पाणी, ओआरएस, पेज थोडं थोडं देत राहा, कुणीतरी जवळ बसा. सकाळी सरकारी मेडिकल कॉलेजच्या किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन १४४४६ आहे, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ आहे. शेजाऱ्याकडून आणलेली गोळी मनानं देऊ नका. ब्युप्रेनॉर्फिन टर्की सुरू व्हायच्या आधी घेतलं तर त्रास एकदम वाढतो, म्हणून वेळ डॉक्टरनंच ठरवायची. आणि कधी तो हलवूनही उठत नसेल, श्वास मंद असेल, ओठ निळसर असतील, तर १०८ ला फोन करा, कुशीवर वळवा, काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा. नॅलॉक्सोनचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर माणूस परत येतो. तिथे अब्रूचा विचार करायला वेळ नसतो.

*प्रश्न : ‘एकदा गर्दुल्ला तो कायमचा गर्दुल्ला’ असं म्हणतात. मग या सगळ्याचा उपयोग काय?*

‘गर्दुल्ला’ हा शब्दच आधी बाजूला ठेवू. दम्याच्या रोग्याला आपण असं एका शब्दात संपवत नाही. आता म्हणण्याबद्दल. व्हिएतनाम युद्धात बरेच अमेरिकन सैनिक हेरॉईनच्या आहारी गेले होते. ते घरी परतल्यावर देश व्यसनींनी भरून जाईल, अशी धास्ती होती. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात त्यांचा माग काढला, तेव्हा तिकडे व्यसन लागलेल्यांपैकी बहुतेक जण परतल्यावर पुन्हा त्यात अडकलेले नव्हते. जागा बदलली, संगत बदलली, दिवसाला काम मिळालं. फ्रँकीला जे मिळालं नाही, ते यांना मिळालं. आपल्या मुलांना विमानानं दुसऱ्या देशात नेता येत नाही, हे खरं. म्हणून मग इथेच थोडी वेगळी जागा करावी लागते. ठरलेल्या दिवशीची फॉलोअपची बैठक, नार्कोटिक्स ॲनॉनिमसचा गट, एखादं काम, गरज असेल तर रोजची गोळी. आणि घसरला तर पुन्हा पहिल्यापासून नाही, जिथवर आला होता तिथून पुढे. आमच्या त्या दोन मित्रांपैकी एक जण स्वतः चार वेळा घसरून आता बारा वर्षं बाहेर आहे. तो ‘मी सोडलं’ असं म्हणत नाही. ‘सुटतंय’ म्हणतो.

वेळ संपल्याची खूण आलेली दिसते.